हक्क पालकांचा, शाळा आईच्या डोक्यावर

जर्मनीच्या पश्चिम भागात कायझरस्लाउटर्न नावाचं शहर आहे. त्याला लागूनच रामस्टाइनचा अमेरिकी हवाई दलाचा तळ. या भागात हजारो अमेरिकी सैनिक बायकामुलांसह राहतात. काही तळाच्या कुंपणाआत, काही गावात भाड्याच्या घरांत. समजा, एकाच गल्लीत दोन कुटुंबं आहेत. दोन्ही कट्टर ख्रिस्ती, दोन्हीकडे पाच-पाच मुलं. शाळेत मुलं बिघडतात, उत्क्रांतिवाद आणि लैंगिक शिक्षण त्यांच्या माथी मारलं जातं, तेव्हा त्यांना घरीच शिकवावं, असं दोघांनाही मनापासून वाटतं. यातलं जर्मन कुटुंब तसं करू लागलं की आधी नोटीस येते, मग दंड होतो, आणि तरीही ऐकलं नाही तर मुलांचा ताबा कोणाकडे असावा हा प्रश्न न्यायालयापुढे जातो. शेजारच्या अमेरिकी कुटुंबाला मात्र कोणी हटकत नाही. ते लष्करी करारानुसार तिथे राहतं, जर्मनीचा सक्तीच्या शाळेचा कायदा त्याच्या उंबऱ्याबाहेर थांबतो. उलट तळावरच्या अमेरिकी शाळेचं ग्रंथालय, खेळ, एखाददुसरी तासिका यांचा लाभ घरी शिकणाऱ्या मुलांनाही घेता येतो.

या उफराट्या चित्रावर गेली कित्येक वर्षं भांडण चाललं आहे. धर्मस्वातंत्र्य मोठं की शासन मोठं? मूल आईबापाचं की समाजाचं? वकील बोलले, पाद्री बोलले, न्यायाधीश बोलले. एक साधा प्रश्न तेवढा कोणी विचारला नाही. घरी शिकवायचं म्हणजे शिकवायचं कोणी?

समाजकार्याच्या एका छोट्या अभ्यासदौऱ्यात मी त्या भागात आठवडाभर होते. तिथे राहणाऱ्या माझ्या मराठी मैत्रिणीच्या शेजारी असंच एक अमेरिकी कुटुंब होतं. नवरा हवाई दलात, घरी पाच मुलं. परदेशात राहणाऱ्या अशा ख्रिस्ती कुटुंबांचं दोन दिवसांचं संमेलन त्याच आठवड्यात जवळच भरणार होतं आणि शेजारीणबाईंनी आग्रहानं आम्हा दोघींना बरोबर नेलं. बाई मोकळी, हसरी, अतिशय कष्टाळू. तिच्याबद्दल मला एक अक्षरही वाकडं लिहायचं नाही. तिनं घरशाळा का सुरू केली हे ती सांगत होती, ते ऐकण्यासारखं होतं. नवऱ्याची बदली दर तीन वर्षांनी. मोठा मुलगा तिसरीत येईपर्यंत तीन शाळा झाल्या आणि प्रत्येक शाळेनं त्याला मागे पडलेला ठरवला. शेवटी तिनं त्याला घरी बसवून वाचायला शिकवलं. धर्म होताच, पण पहिलं कारण हे होतं. नवरा सहा-सहा महिने मोहिमेवर असतो तेव्हा तीच आई, तीच बाप, तीच मास्तरीण. बदली झाली की भांड्याकुंड्यांच्या खोक्यांबरोबर शाळेचीही खोकी तीच बांधते.

संमेलनात पुस्तकांची टेबलं होती, जुन्या क्रमिक पुस्तकांची देवघेव होती, मुलांचं समूहगान होतं. व्याख्यानांचा कार्यक्रम छापलेला होता. त्यात थकून गेलेल्या आयांसाठी एक सत्र होतं. बापांसाठी वेगळं सत्र होतं, ते घराचं आध्यात्मिक नेतृत्व कसं करावं यावर. म्हणजे जी राबते तिनं थकवा कसा सोसावा हे शिकायचं, आणि जो कामावर जातो त्यानं नेतृत्व कसं करावं हे शिकायचं! आयांचं सत्र खच्चून भरलं होतं. लहान मुलांच्या खोलीत तेरा-चौदा वर्षांच्या पोरी कडेवर तान्ही मुलं घेऊन फिरत होत्या. त्यांच्या वयाचे मुलगे बाहेर चेंडू खेळत होते. आपल्या वस्त्यांमधून काम केलेल्या कुठल्याही कार्यकर्तीला हे चित्र ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की आपल्याकडे त्या पोरीच्या नावापुढे हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो आणि तिथे त्यालाच गृहविज्ञानाचा अभ्यास म्हणता येतं.

मी तिला विचारलं, “म्हातारपणाची काय सोय?” ती हसली. म्हणाली, “त्याचं पेन्शन आहे की.”

त्याचं. हा शब्द घेऊनच मी परत आले. अमेरिकेत सरकारी निवृत्तिवेतन स्वतःच्या नावावर मिळायचं असेल तर साधारण दहा वर्षांची पगारी नोकरी लागते. वीस वर्षं पाच मुलांना अक्षरओळखीपासून बीजगणितापर्यंत शिकवणाऱ्या बाईचा त्या हिशोबात एक दिवसही धरला जात नाही. तिला मिळतो तो नवऱ्याच्या वेतनाच्या आधारानं बायको म्हणून मिळणारा वाटा, तो जास्तीत जास्त त्याच्या निम्मा. घटस्फोट झाला आणि लग्नाला दहा वर्षं पुरी झालेली नसली तर तोही नाही. शाळेतल्या मास्तरणीला पगार आहे, रजा आहे, संघटना आहे. घरशाळेच्या मास्तरणीला देवाचा आशीर्वाद आहे. शिवाय स्वयंपाक, धुणं, आजारपण आहेच. घरात शाळा आली म्हणून घरकाम काही बाहेर गेलं नाही. जेनिफर लोइस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अशा आयांमध्ये राहून अभ्यास केला आणि २०१२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. या आयांना मनानं किती राबावं लागतं, स्वतःसाठी वेळ हवा असं वाटणंही त्यांना कसं अपराधी करून सोडतं, हा त्याचा गाभा आहे.

‘पालक’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. आपल्याकडेही पालकसभेला येते ती आई, आणि प्रगतिपुस्तकावर ‘पालकांची सही’ असते तिथे सही वडिलांची. अमेरिकेतल्या घरशाळा चळवळीनं ‘पालकांचा हक्क’ हे जे शस्त्र केलं त्यातही हीच लबाडी आहे. काम सांगायचं तेव्हा पालक म्हणजे आई, अधिकार सांगायचा तेव्हा पालक म्हणजे बाप. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात विस्कॉन्सिनमधल्या आमिश लोकांचा गाजलेला खटला झाला. आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा त्यातून आमिशांना मिळाली. मुलं न पाठवल्याबद्दल दंड झालेले तिघे कोण होते? तीन बाप. निर्णयाशी अंशतः असहमत असलेल्या न्यायमूर्ती डग्लस यांनी विचारलं की मुलांचं काय म्हणणं आहे ते कोणी ऐकलं का. तिघांच्या मुलांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती. डग्लस यांचं म्हणणं अल्पमतात राहिलं, आणि मुलांना विचारावं ही गोष्टही तेव्हापासून अल्पमतातच आहे.

ही चळवळ मुळात धर्मवाद्यांची नव्हती, हेही सांगायला हवं. सत्तरच्या दशकात जॉन होल्टसारखे डावीकडे झुकलेले शिक्षणविचारवंत शाळेच्या जाचाविरुद्ध बोलत होते. मुलाला मूल म्हणून मोकळं वाढू द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हातातून ही मशाल पुढे दुसऱ्यांकडे गेली. १९८३ साली मायकेल फॅरिस आणि माइक स्मिथ या दोन ख्रिस्ती वकिलांनी घरशाळेच्या कायदेशीर बचावासाठी संघटना काढली आणि दहा वर्षांत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरशाळा कायदेशीर झाली. १९८५ साली मेरी प्राइड या बाईंचं ‘द वे होम’ हे पुस्तक आलं. या बाई स्वतःला पूर्वाश्रमीच्या स्त्रीवादी म्हणवतात. बाईनं नोकरी सोडावी, घरी यावं, देव देईल तितकी मुलं होऊ द्यावीत, असा त्या पुस्तकाचा रोख, आणि ‘स्त्रीवादाच्या पलीकडे’ हे शब्द त्याच्या उपशीर्षकातच आहेत. पुढे याच बाई घरशाळा चळवळीच्या सर्वांत लाडक्या लेखिका झाल्या. तेव्हा घरशाळा आणि स्त्रीवाद यांचं भांडण आम्ही ओढूनताणून लावतो असं कोणी म्हणू नये. ते त्यांनीच आधी छापून ठेवलं आहे.

१९९९ साली अमेरिकेत सुमारे साडेआठ लाख मुलं घरी शिकत होती. २०१६ पर्यंत ती सतरा लाखांच्या आसपास गेली. मग करोना आला. २०२० च्या वसंतात शाळकरी मुलं असलेल्या घरांपैकी ५.४ टक्के घरं घरशाळेची होती, त्याच वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडाशी ११.१ टक्के. कृष्णवर्णीय घरांत तर हे प्रमाण ३.३ वरून १६.१ टक्क्यांवर गेलं. या आयांचा मेरी प्राइडशी काही संबंध नाही. शाळेतला वर्णभेद आपल्या मुलाला दररोज गिळतो आहे हे पाहून घरी आणणाऱ्या आईला ‘तू पितृसत्तेची हस्तक’ असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण तिचीही नोकरी सुटते, तिचंही पेन्शन बुडतं. ज्या राज्याला धड शाळा चालवता येत नाही ते आपली जबाबदारी गुपचूप तिच्या पदरात टाकतं, याचा जाब कोणी विचारायचा?

आता मुलींकडे येते, कारण माझ्या मते सगळ्या भांडणाचा जीव तिथे आहे.

बिल गॉथर्ड नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांच्या संस्थेनं १९८४ साली घरशाळेचा अभ्यासक्रम काढला आणि हजारो कुटुंबांनी तो घेतला. त्यांची मोठमोठी संमेलनं भरत, तिथे सगळं कुटुंब नटूनथटून जाई. त्यांच्या शिकवणुकीत छत्र्यांचं एक चित्र प्रसिद्ध आहे. सर्वांत वर ख्रिस्ताची छत्री, तिच्याखाली नवऱ्याची, तिच्याखाली बायकोची. छत्रीबाहेर पडलीस तर भिजलीस, आणि भिजलीस तर दोष तुझा. २०१४ साली तीसहून अधिक स्त्रियांनी लैंगिक छळाचे आरोप केल्यावर या गृहस्थांनी राजीनामा दिला. आपण गुन्हा केलेला नाही असं त्यांचं म्हणणं. त्याआधी काही महिने, २०१३ साली, ‘व्हिजन फोरम’चे डग फिलिप्स एका स्त्रीशी अनुचित संबंध ठेवल्याचं कबूल करून पायउतार झाले आणि संस्थाच बंद पडली. ही संस्था काय विकत होती? पुस्तकं, खेळणी, चित्रफिती, आणि एक विचार: मुलीनं शिक्षणासाठी घर सोडू नये, लग्न होईपर्यंत बापाच्या छताखाली राहून त्याच्या कामाला हातभार लावावा. आपल्या आजीच्या काळात याला काही खास नाव नव्हतं. त्यांनी त्याला चळवळ केलं.

दोन-तीन नासके आंबे म्हणून हे सोडून देता येईल. पण ज्या घरात मुलीची शाळा, देऊळ, दवाखाना, मैत्रिणी, सगळं त्या एका छत्रीखाली आहे, तिथे छत्री धरणाऱ्याबद्दल तिनं बोलायचं कोणाशी? आम्ही समाजकार्याचं शिक्षण घेताना पहिल्या वर्षी शिकतो की घरातली मारहाण किंवा अत्याचार बाहेर येतो तो बहुतेकदा शाळेतून. बाई वर्गात पाहतात की पोर दोन दिवस खाली बसत नाही. मैत्रिणीला डबा खाताना कळतं. शाळा काही फार थोर जागा आहे असं मी म्हणत नाही. तिथले मास्तरही कसले असतात ते आपल्याला ठाऊक आहे. पण ती दुसरी जागा आहे. २०२० च्या टाळेबंदीत ही दुसरी जागा बंद झाली तेव्हा काय झालं ते आपण आपल्याच वस्त्यांत पाहिलं: मुली घरकामाला जुंपल्या गेल्या, चारचौघांत लपूनछपून लग्नं उरकली गेली, आणि फोनवर बोलायचं तर फोन बापाच्या खिशात.

कॅलिफोर्नियातल्या पेरिस गावात २०१८ च्या जानेवारीत सतरा वर्षांची एक मुलगी पहाटे खिडकीतून बाहेर पडली आणि तिनं पोलिसांना फोन केला. घरात तेरा भावंडं होती, काही साखळदंडांनी बांधलेली, जवळजवळ सगळी उपाशी. सरकारदफ्तरी हे घर म्हणजे एक खाजगी शाळा होती आणि बाप तिचा मुख्याध्यापक! त्या राज्यात वर्षातून एकदा कागद भरला की झालं, मुलं पाहायला कोणी येत नाही. टेक्सास, ओक्लाहोमा, आयडाहो अशा राज्यांत तर तो कागदही लागत नाही. बहुतेक राज्यांत, मुलांवरच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसालाही घरशाळा चालवण्यापासून अडवणारा कायदा नाही.

‘सगळी घरं काही अशी नसतात,’ हे उत्तर लगेच येतं. नसतातच. माझ्या त्या शेजारीणबाईंचं घर अजिबात असं नव्हतं. पण सगळे नवरे बायकोला जाळत नाहीत म्हणून आपण हुंडाबळीचा कायदा मागायचा थांबलो नव्हतो. हा युक्तिवाद आपण ऐंशीच्या दशकात पोलीसचौकीवर इतक्यांदा ऐकला आहे की त्याला नव्यानं उत्तर देण्याचा कंटाळा येतो.

आणि हे म्हणणारी मी एकटी बाहेरची बाई नाही. २०१३ साली घरशाळेत वाढलेल्या मुलामुलींनीच एकत्र येऊन अमेरिकेत एक संघटना काढली, ‘जबाबदार घरशिक्षणासाठी आघाडी’ अशा अर्थाचं तिचं नाव आहे. त्यांची मागणी घरशाळा बंद करा अशी नाही. नोंद ठेवा, मुलांना वर्षातून एकदा तरी बाहेरचं कोणी भेटू द्या, गुन्हेगार पालकांना अडवा, एवढंच ते मागतात. हार्वर्डच्या कायद्याच्या प्राध्यापक एलिझाबेथ बार्थोलेट यांनी २०२० साली आणखी पुढे जाऊन, घरशाळेला सरसकट मुभा नसावी, सबळ कारण दाखवणाऱ्यांनाच ती मिळावी, असं लिहिलं तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला, त्यात आपल्याबाबतच्या निर्णयांत मुलाचं म्हणणं ऐकलं जावं असं एक कलम आहे. भारतानं १९९२ साली तो मान्य केला. अमेरिकेनं १९९५ साली सही केली, पण मंजुरी आजवर दिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांपैकी असा देश तो एकटाच. ही मंजुरी होऊ नये म्हणून सर्वांत नेटानं लढणाऱ्यांत घरशाळेची ही वकीलमंडळी होती. आणि त्यांनीच पुढाकार घेऊन जगभरच्या घरशाळावाल्यांची परिषद भरवली. पहिली २०१२ साली, तीही मुद्दाम बर्लिनमध्ये. मग २०१६ साली रिओ, २०१८ साली रशिया. तिथून पालकांच्या हक्कांच्या घोषणा निघाल्या. आईच्या मजुरीबद्दल घोषणा निघाली नाही.

मग जर्मन सरकार बरोबर आहे का? इथे मला माझ्या काही डाव्या मित्रांशीही भांडायचं आहे. ते म्हणतात, सक्ती हेच औषध. जर्मनीत घरशाळेला सरसकट बंदी आहे. घरशाळावाले सतत सांगतात की हा १९३८ चा नाझी कायदा आहे. ते अर्धसत्य आहे, कारण १९१९ च्या वायमार घटनेतच शाळा सक्तीची होती आणि प्रशियात तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. २००३ साली तिथल्या घटना न्यायालयानं म्हटलं की धर्माच्या भिंती घालून समाजात समांतर समाज उभे राहू नयेत यात सर्वांचं हित आहे. विचार पटण्यासारखा आहे. पण २०१३ साली डार्मश्टाटजवळ एका घरात सकाळी पोलीस घुसले आणि चार मुलांना घेऊन गेले. तीन आठवड्यांनी मुलं परत मिळाली. २०१९ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं ठरवलं की यात कुटुंबाच्या हक्काचा भंग झाला नाही. कायद्यानं असेल. पण मुलांना शाळेत घालण्यासाठी मुलांना उचलून नेणं हे कसलं समाजकार्य? मी माझ्या व्यवसायाच्या वतीनं सांगते, तिथे आधी एक बाई जायला हवी होती, एकदा नव्हे दहादा, आणि त्या घरातल्या आईशी एकटीशी बोलायला हवी होती. आणि शासन पवित्र असतं अशा भ्रमात तर राहूच नये. १९२२ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यानं सर्व मुलांना सरकारी शाळेची सक्ती केली, तिच्यामागे कू क्लक्स क्लॅनचा जोर होता. कॅथलिकांच्या शाळा बंद पाडायच्या होत्या. १९२५ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला तो एका जोगिणींच्या संस्थेच्या खटल्यात. म्हणजे बायकांनी चालवलेल्या शाळेनं ती लढाई जिंकली, आणि आज तोच निवाडा बापाच्या छत्रीसाठी वापरला जातो!

मैत्रिणींनो, आता कोणी म्हणेल की अमेरिकी गोऱ्या बाईच्या घरशाळेशी आपलं काय देणंघेणं. महाराष्ट्राला घरी शिकण्याची गोष्ट जुनीच आहे. शाळा नव्हत्या किंवा समाज जाऊ देत नव्हता, तेव्हा आपल्या कितीतरी बायका घरीच शिकल्या. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी घरी शिकवलं. ते शिकवताना मारत. आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्या माराची आठवण त्याला करून दिली आहे. समुद्रापलीकडे गेल्यावर ते लिहिता आलं. पंडिता रमाबाईंची तर कहाणीच वेगळी. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकापवाद सोसून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, आणि वडील थकले म्हणून रमाबाईंना शिकवलं ते या आईनं, घरची कामं सुरू होण्यापूर्वी, पहाटे. आजच्या कुठल्याही संमेलनात मिरवावी अशी घरशाळा! पुढे १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेजला ख्रिस्ती झाल्या, आणि परदेशात एकटी आई म्हणून राहताना त्यांच्या मुलीला, मनोरमेला, कोणते धर्मसिद्धान्त शिकवायचे यावरून तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचा खटका उडाला. माझ्या लेकीच्या मनावर कोणता शिक्का उमटायचा हे चर्चनं ठरवू नये, असा त्यांचा बाणा. म्हणजे ‘आईचा हक्क’ रमाबाईंनी मागितला तो पुरोहितशाहीविरुद्ध मागितला. आणि घरी इतकं उत्तम शिकलेली ही बाई हिंदुस्थानात परतल्यावर काय करते? १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढते. शाळा काढते. कारण प्रत्येक पोरीच्या घरी लक्ष्मीबाई नसते, हे तिच्याइतकं कोणाला कळलं असणार?

‘पण ती बाई स्वखुशीनं करते ना,’ असं माझी मैत्रीण परतताना गाडीत म्हणाली. स्वखुशीनंच करते. सासूची सेवाही आपल्या बायका स्वखुशीनं करतात. तिच्या खुशीवर शंका घ्यायची मला गरज वाटत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की तिनं उद्या ‘आता पुरे’ म्हटलं तर काय होईल. तिच्या हाती पगार नाही, बँकेत तिच्या नावावर पैसा नाही, वीस वर्षांच्या शिकवण्याचं प्रमाणपत्र नाही, आणि ती परक्या देशात नवऱ्याच्या नोकरीच्या कागदावर राहते आहे. तळावर राहण्याची परवानगीसुद्धा त्याची. परदेशात नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या मराठी मुलींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुण्यामुंबईतही आता शिकलेल्या घरांतून घरशाळा चालू झाल्या आहेत. कारणं धर्माची नाहीत. परीक्षांचा जाच, क्लासचा धंदा, वर्गातली कोंबाकोंबी. कारणं खरी आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरशाळेचा उल्लेखच नाही, त्यामुळे सगळं धूसर चाललं आहे. उद्या नियम करायची वेळ आली तर ते ठरवायला शिक्षणतज्ज्ञ बसतील, वकील बसतील, तळमळीचे बापही बसतील. आपण आत्ताच तिथे जागा मागून ठेवायला हवी. अर्जावर शिकवणाऱ्याचं नाव स्वतंत्र लिहावं लागेल असा रकाना हवा, आणि तिथे आईचं नाव आलं तर तिनं नोकरी सोडली का, तिच्या नावावर दरमहा काय जमा होतं, हेही लिहावं लागेल असं हवं. मुलीला बारा वर्षांनंतर दरवर्षी एकदा घराबाहेर, आईबाप समोर नसताना, कोणीतरी बाईमाणसानं भेटावं. ती म्हणाली की मला शाळेत जायचं आहे, तर तिचं म्हणणं बापाच्या सहीपेक्षा वर धरलं जावं. आपल्या संघटनांतल्या ज्या मैत्रिणी स्वतः मुलांना घरी शिकवताहेत त्यांनी या रकान्यांत काय भरलं असतं ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवावं. नवऱ्यांनीही पाठवायला हरकत नाही, पण दिवसातले किती तास शिकवलं तो आकडा घालून.